डक्टमधली जागा

सासूबाईंच्या जिभेला हाड नव्हतं, आणि हे त्या स्वतःच मोठ्या तोऱ्यात सांगायच्या. दोन्ही मुलगे एकाच इमारतीत, एकाखाली एक राहत होते. थोरला सगळ्यांत वरच्या मजल्यावर, धाकटा दोन मजले खाली. म्हातारी काही महिने वर, काही महिने खाली. जिथं असेल तिथल्या सुनेची सकाळपासून सालटी काढायची. चहा गार म्हणून, चहा गरम म्हणून, आणि चहा नेमका जमला तर "आज सूर्य कुठनं उगवला" म्हणून.

म्हणून शनिवारी धाकटीचा फोन आला, "ताई, आई आज मला बाळ म्हणाल्या," तेव्हा थोरलीला आधी हसू फुटलं.

"काय म्हणाल्या?"

"बाळ. 'बाळ, पाणी दे गं.' मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून."

"ताप आहे का?"

"छे हो! उलट गाल कसे लालबुंद झालेत. तुमच्याकडनं आल्या तेव्हा सुकून चिपाड झाल्या होत्या. माझ्याकडं लाली चढली बघा."

टोमणा नेमका बसला. पण फोन ठेवल्यावर थोरलीच्या मनात टोमणा राहिला नाही, बाळ राहिलं. लग्न झाल्यापासून या बाईनं तिला भवानी म्हटलं होतं, कैदाशीण म्हटलं होतं, एकदा तर भर पाहुण्यांत "ही आमची साडेसाती" अशी ओळख करून दिली होती. ती बाई कुणाला बाळ म्हणते, म्हणजे आत काहीतरी ढासळलंय. म्हातारी गप्प झाली की घरादाराला बरं वाटतं. आजारी आहे असं कुणालाच वाटत नाही. सगळ्यांना वाटतं, निवळली.

इमारतीला तेव्हा घरं नटवायचं खूळ लागलं होतं. एकीनं स्वयंपाकघर फोडलं की दुसरीला आपला ओटा भिकार दिसायला लागायचा. काम पुरं झालं की रविवारी सकाळी सगळ्यांना बोलावणं. यायचं, नळ सोडून बघायचे, ड्रॉवर ओढून बघायचे, कमोडचं झाकण हळूहळू आपलं आपण मिटतं ते तोंडाचा आ वासून बघायचं. आणि निघण्याआधी एक रीत होती. पाहुण्यानं एक कौतुक करायचं, घरमालकानं एक हळहळ सांगायची.

हळहळ कसली, बढाईच ती. "दगड काळा घेतला हो, बोट लागलं तरी दिसतं." "शॉवर एवढा मोठा झालाय, कुठं उभं राहावं तेच कळत नाही." पहिल्या मजल्यावरच्या बँकवाल्या बाई म्हणाल्या होत्या, "ड्रॉवर इतके अलगद मिटतात, की भांडणात आदळायची सोय राहिली नाही." त्यावर सगळे पोट धरून हसले होते. त्या हळहळीसकट फोटो इमारतीच्या मोबाईल गटावर जायचा, त्याखाली अंगठे पडायचे. खरी चूक कुणी सांगायची नाही. खरी चूक सांगायला छाती लागते, आणि इथं जो तो छातीवर टाइल्स बसवून घेत होता.

सगळ्यांचा कंत्राटदार एकच. गोडबोल्या. आला की न्हाणीघराच्या भिंतीवर टिचकी मारायचा आणि विचारायचा, "याच्या पलीकडं काय आहे?"

"डक्ट."

"म्हणजे काय आहे? काही नाही! नुसती हवा. हवेचं तुम्ही काय लोणचं घालणार? भिंत हातभर सरकवतो, वॉशिंग मशीन आरामात बसेल. पण बोलू नका हं कुठं. फक्त तुमच्यासाठी करतोय. नाहीतर सगळेच मागतील."

हे तो सगळ्यांना सांगायचा. आणि सगळे, शिकलेसवरलेले, चारचौघांत कायद्याच्या गप्पा मारणारे, आपल्यालाच गुपचूप काहीतरी जास्तीचं मिळतंय या आनंदात माना डोलवायचे. डक्ट म्हणजे तळापासून गच्चीपर्यंत सोडलेली उभी पोकळी. प्रत्येक न्हाणीघराची पट्ट्यांची खिडकी तिच्यात उघडायची, गॅसच्या गिझरची धुराची नळी तिच्यात सुटायची. सगळी इमारत त्या नरड्यानं श्वास घ्यायची. प्रत्येकानं त्या नरड्यावर एकेक बोट ठेवलं होतं.

वरचं बोट थोरलीचं होतं. आणि ते तिनं चोरून ठेवलं नव्हतं, वाजतगाजत ठेवलं होतं. डक्टमध्ये कबुतरं घुसायची, घाण करायची, खिडक्यांतून पिसं यायची. थोरलीनं पुढाकार घेऊन गच्चीवर डक्टच्या तोंडाला फायबरचा पारदर्शक पत्रा ठोकवला, कडेनं चिकटपट्टी भरून घेतली. कबुतरं बंद. गटावर टाळ्यांचा नुसता सडा. "ताई असाव्यात तर अशा!" तिची स्वतःची हळहळ एवढीच, की सगळ्यांत वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, त्यामुळं गॅसचा गिझर पेटतच नाही. तिच्या चकाचक न्हाणीघरात विजेचा जुना पांढरा ठोकळा लटकत होता, आणि येणाराजाणारा आधी त्याच्याकडंच बघायचा.

शनिवारी दुपारी ती खाली धाकटीकडं गेली. सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या. गाल खरंच लाल. पण नजर अशी, की समोरच्या माणसाच्या पाठीमागं काहीतरी बघतायत.

"आई, कशा आहात?"

"बरीये."

बरीये! थोरलीनं मुद्दाम खोडी काढली. "आई, मी तुमची ती पितळेची डबी मोडीत काढली."

म्हातारी नुसती हसली. एरवी या वाक्यावर तिनं थोरलीच्या माहेरच्या तीन पिढ्या उकरल्या असत्या.

"बघितलंत?" धाकटी हात पुसत आली. "माझ्या घरात शांती आहे हो, ताई. माणूस निवळतं."

"जेवतात का?"

"परवा उलटी झाली. काल चमचा हातातनं पडला. वयच झालंय. माझंही डोकं धरलंय कधीपासनं. हे म्हणतात, गोड बातमी आहे का!" ती खिदळली. "या वयात! मी म्हटलं, लाज आहे का काही?"

थोरली हात धुवायला न्हाणीघरात गेली. धाकटीनं तिथं काही म्हणजे काही सोडलं नव्हतं. आरसा भिंतभर. छत खाली उतरवून त्यात दिवे. खिडकीच्या जागी गुळगुळीत भिंत, तीत धुराच्या नळीपुरतं भोक. दाराच्या खाली रबराची पट्टी, पाणी बाहेर जाऊ नये म्हणून. आत ऊब होती, बिछान्यात असते तशी. तिनं गरम नळ सोडला. गिझर भप्पकन पेटला. त्याच्या काचेच्या डोळ्यातून ज्योत दिसत होती. निळी असायची ती पिवळी होती, लांब, लवलवती, कुत्र्याच्या जिभेसारखी. थोरली हात चोळत उभी राहिली आणि तिला वाटलं, इथंच जरा टेकावं. डोळे मिटावेत. बाहेर आली तेव्हा कानशिलं ठणकत होती.

तिथून ती गच्चीवर गेली, वाळत घातलेले कपडे काढायला. कपडे काढता काढता तिची नजर पत्र्यावर पडली. ऊन कडकडीत होतं, आणि पत्र्याच्या आतल्या अंगाला थेंब लोंबत होते. दाट, पिवळट. तिनं कडेची चिकटपट्टी नखांनी उचकटली आणि फटीत तोंड घातलं. आतून कोंदट गरम वाफारा तिच्या तोंडावर आला. डोळ्यांतून पाणी आलं. ती मागं सरकली. मग श्वास धरून तिनं पुन्हा वाकून खाली बघितलं. नुसतं काळं दिसत होतं.

तिला कळलं. कुणी सांगायची गरज नव्हती. चुलीवरच्या भांड्यावर झाकण ठेवलं की वाफ कुठं जाते, हे कळायला पदवी लागत नाही. वरून झाकण तिनं ठेवलं होतं. खालची माणसं शिजत होती.

नवरा पेपर वाचत होता. ती दारातूनच म्हणाली, "अहो, तो गच्चीतला पत्रा काढायला पाहिजे."

"का? उडाला?"

"गिझरचा धूर कोंडतोय आत. आई त्यानंच तशा झाल्यात. धाकटीचं डोकं त्यानंच दुखतंय. आत्ता सांगून येते सगळ्यांना."

नवऱ्यानं पेपर खाली केला. "काय सांगणार? पत्रा आम्हीच ठोकला आणि आम्हीच तुम्हाला कोंडलं?"

"खरं तेच सांगणार ना?"

"उद्या खालच्या मास्तरांचं नवं घर बघायला सगळी इमारत जमणार आहे. तिथं तुझी आरती ओवाळतील, जोड्यानं. अक्कल गहाण ठेवू नकोस. सकाळी गुपचूप जा, स्क्रू काढ, पत्रा टाकीमागं उभा कर. वाऱ्यानं निघाला म्हणायचं. धूर जाईल, प्रश्न मिटेल."

"धाकटीला तरी सांगते."

"तिला सांगणं म्हणजे दवंडी पिटणं. आयुष्यभर उगाळेल. आपल्या जावेनं सासूला मारायला घेतलं होतं, म्हणेल. ऐकशील?"

थोरलीनं ऐकलं. वाईट बायका असतात म्हणून माणसं मरत नाहीत. बऱ्या बायका ऐकतात म्हणून मरतात. एकच वाक्य सांगायचं होतं, "पत्रा निघेपर्यंत गिझर लावू नका." ते तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

रविवारी उजाडताच ती गच्चीवर गेली. स्क्रू गंजले होते, बोटं सोलवटली. पण पत्रा निघाला. डक्टमधून ऊन वाफ वर उठली आणि पांगली. तिनं पत्रा टाकीमागं लपवला आणि ती जिना उतरली तेव्हा तिला एवढं हलकं वाटत होतं, की ती गुणगुणत होती. पाप केलं, पाप निस्तरलं, कुणाला पत्ता नाही. याहून स्वस्तात कोण सुटतं?

मास्तर तिच्या खालच्याच मजल्यावर राहायचे, म्हणजे धाकटीच्या डोक्यावर. शाळा सुटून वर्षं झाली तरी त्यांचा वर्ग सुटला नव्हता. रविवारी त्यांनी हातात पट्टी घेऊनच सगळ्यांना फिरवलं. सगळी इमारत दिवाणखान्यात, चहाचे कप हातात. दोन्ही भाऊ एका कोपऱ्यात. बँकवाल्या बाई सगळ्यांत पुढं.

"हा ओटा. हा मिक्सरचा कप्पा. हात घालू नका, बोट जाईल. आता न्हाणीघराकडे चला. ओळीनं, ढकलाढकली नको."

"मास्तर, घंटा कधी होणार?" बँकवाल्या बाईंनी विचारलं. हशा.

न्हाणीघरात मास्तर भिंतीपाशी थांबले. "आता माझी खरी करामत बघा." त्यांनी टाइल्सच्याच रंगाचं एक दार ओढलं. आत कपाट. चांगलं पुरुषभर उंच. फळ्या, त्यावर बादल्या, इस्त्री, जुन्या मासिकांचे गठ्ठे, तळाशी धान्याचा मोठा पिंप. सगळ्यांच्या तोंडून "अहाहा" निघालं. एवढी जागा!

"माझी हळहळ एवढीच," मास्तर म्हणाले, "की हे आधी का नाही सुचलं."

थोरली मागून बघत होती. तिचं घर बरोबर याच्या वर. त्या भिंतीपलीकडं काय आहे हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिनं गर्दीतून वाट काढली आणि कपाटात डोकं घातलं.

"मास्तर, हे कुठवर गेलंय?"

"पार पलीकडच्या भिंतीपर्यंत. इंचही वाया घालवला नाही."

"आणि तळ?"

"पक्का ओतलाय. हत्ती उभा करा."

"हत्ती आमच्या डोक्यावर पडेल हो, मास्तर!" धाकटी म्हणाली, आणि सगळे पुन्हा हसले.

थोरली हसली नाही. काल गच्चीतून जे काळं दिसलं होतं, तो डक्टचा तळ नव्हता. ते या कपाटाचं डोकं होतं. तिनं काढलेल्या पत्र्याखालून फक्त मास्तरांचा धूर निघून गेला होता. खालच्यांचा धूर या लादीखाली होता. आजही. आत्ताही.

"मग खालच्यांच्या गिझरचा धूर कुठनं जातो?"

"कसला धूर? त्याची व्यवस्था ज्याची त्यानं..."

"अगं, आई कुठायत?" थोरलीनं धाकटीला विचारलं. तिचा आवाज असा निघाला की कपांची किणकिण थांबली.

"आंघोळीला बसल्यात. म्हटलं, बसा निवांत. मगाचच्याच बसल्यात. हल्ली त्यांना वेळ लागतो."

थोरलीनं कप कुठं टाकला तिला आठवत नाही. जिन्यात तिची चप्पल निघाली. धाकटीच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. न्हाणीघरातून पाण्याची धार ऐकू येत होती, एकसारखी. कुणी अंगावर पाणी घेत असलं की धारेचा आवाज तुटतो, बदलतो. हा बदलत नव्हता.

"आई! आई, कडी काढा!"

दार खडखडलंसुद्धा नाही. नवीन दार, नवीन कडी, खाली रबर. धाकटा दीर धावत आला, त्यानं खांदा मारला. दाराला काही झालं नाही, खांद्याला झालं. शेवटी थोरल्यानं स्वयंपाकघरातला लोखंडी बत्ता आणला आणि कडीच्या जागी घातला. तिसऱ्या की चौथ्या दणक्याला लाकूड फुटलं.

सासूबाई स्टुलावर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. अंगावर ओला पंचा. चेहरा एवढा गुलाबी, एवढा टवटवीत, की क्षणभर धाकटीच्या तोंडून सुटकेचा हुंदका निघाला. मग त्यांची मान घरंगळली. वर ती पिवळी जीभ लवलवत होती.

श्वास चालू होता. धाग्याएवढा.

दवाखान्यात नाकातोंडावर नळ्या लागल्या. डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण आवाज करवतीसारखा. त्यांनी दोन्ही मुलांना आणि दोन्ही सुनांना समोर उभं केलं.

"विषारी धूर श्वासातनं रक्तात गेलाय. आजचाच नाही, बऱ्याच दिवसांचा. जगतील असं वाटतंय. बोलतील की नाही, आत्ता सांगत नाही. घरात हवा जायच्या वाटा कुणी बंद केल्या होत्या?"

थोरल्यानं बायकोचा दंड मागून असा चिमटला की कातडी पिळली गेली. "नाही, तसं काही..."

"केल्या होत्या," थोरली म्हणाली. "सगळ्यांनी. सगळ्यात वरचा पत्रा मी ठोकला होता. मधे मास्तरांनी लादी घातलीय. पत्रा मी आज सकाळी काढला."

 मग धाकटीनं हळूच विचारलं, "सकाळी का काढलात?"

"अं?"

"आज सकाळी. रविवारी. मास्तरांकडं जायच्या आधी. का काढलात, ताई?"

थोरलीनं सोलवटलेली बोटं मुठीत लपवली. 

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं." धाकटी ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "काल माझ्या घरात येऊन हात धुऊन गेलात. तुम्हाला माहीत होतं, आणि मी आज आईंना पाणी काढून दिलं."

डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली नाही. "इमारतीतले सगळे गिझर बंद करायला सांगा. आज. आत्ता."

थोरलीनं दवाखान्याच्या बाकावर बसूनच गटावर लिहिलं. काही झाकलं नाही. पत्रा मी ठोकला, तो घातक होता, मला काल कळलं, मी लपवलं. पण डक्ट मधेही बुजलाय, प्रत्येकानं जागा घेतलीय. कुणीही गिझर लावू नका, भिंती फोडाव्या लागतील.

उत्तरं यायला लागली. आधी हात जोडलेली चित्रं. आजींना आराम पडो. मग मास्तर: "माझे बांधकाम पूर्ण विचारांती केलेले आहे. पत्र्याची कबुली संबंधितांनी स्वतः दिलेली आहे. इतरांना गोवू नये." मग बँकवाल्या बाई: "झालं ते फार वाईट झालं. पण पत्रा निघाला ना? मग प्रश्न मिटला. उगाच घबराट नको." खाली अंगठे. अंगठ्यावर अंगठा. कुणीतरी लिहिलं, "पत्र्याला माझा तेव्हाही विरोधच होता." पत्र्यासाठी पहिली टाळी त्याचीच होती.

एकानं कबूल केलं की बाकीचे न्हाऊनधुऊन मोकळे होतात. सगळ्या इमारतीला एक गुन्हेगार हवा होता, आणि तो आयता, सहीशिक्क्यासकट मिळाला होता. आता कुणाला आपली टाइल उचकटायची गरज नव्हती.

संध्याकाळी दोघी जावा म्हातारीचे कपडे न्यायला घरी आल्या. रिक्षात मधे पिशवी ठेवून बसल्या. फाटकातून आत शिरल्याबरोबर थोरलीच्या कानावर आवाज आला. वर कुठंतरी भप्प. मग पाणी. मग दुसरीकडं भप्प. दिवसभर बाहेर हिंडून आलेली माणसं आंघोळी करत होती. धाकटी जिना चढून गेली.

थोरलीनं पहिल्या मजल्याची घंटा वाजवली. दाराच्या भिंगात सावली आली, थांबली, गेली. दार उघडलं नाही. आतून बँकवाल्या बाईंचा आवाज आला, "त्याच आहेत. राहू दे."

ती मास्तरांकडं गेली नाही. ती खाली आली. गाड्या उभ्या करतात तिथं, भिंतीला, साऱ्या इमारतीच्या गॅसची पिवळी नळी वर जाते. तिच्यावर गॅस बंद करायची लोखंडी दांडी. थोरलीनं दोन्ही हातांनी दांडी आडवी केली. घट्ट होती, सकाळी सोलवटलेली बोटं पुन्हा उलली. मग ती त्या नळीला पाठ लावून जमिनीवर बसली.

क्षणभर काहीच झालं नाही. मग इमारत केकाटायला लागली. मास्तरांच्या घरातून "अरे, गार! गार!" समोरच्या बाजूनं कुणीतरी आईच्या नावानं शिवी दिली. एक पोर भोकाड पसरून रडायला लागलं. दारं उघडली. मास्तर टॉवेलवर, डोक्याला फेस, पायऱ्या उतरत आले. मागून आणखी लोक.

"हा काय आचरटपणा आहे? व्हा बाजूला!"

"नाही होणार."

"हे बेकायदेशीर आहे, बाई!"

"तुमच्या कपाटात ठेवा तो कायदा. जागा भरपूर आहे."

"आधी सासूला घालवायला निघाली, आता आम्हाला शहाणपण शिकवतेय!" मागून कुणीतरी म्हणालं. दोन बाप्ये पुढं सरकले. एकानं तिच्या खांद्याला धरलं. थोरलीनं पाठीमागं हात नेऊन दांडी मुठीत आवळली. हात तोडला तरी सोडायची नाही, असं तिनं ठरवलं होतं, आणि तो तोडतील असंही तिला वाटत होतं.

तेवढ्यात बँकवाल्या बाई आल्या, हातात डाव. "अहो, माझा स्वयंपाक अर्धवट राहिलाय! काय चाललंय काय?"

थोरलीनं त्यांच्याकडं बघितलं. पूर्ण कोरड्या. केस विंचरलेले.

"तुमच्याकडं आंघोळीला कोण आहे?"

"सून. मघाशी गेलीय. तुम्हाला काय करायचंय?"

"गार पाणी आलं ना तिला?"

"येणारच! तुम्हीच तर..."

"मग ती ओरडली का नाही?"

खांद्यावरचा हात सैल पडला. बँकवाल्या बाई गर्रकन वळल्या. मग मान वर करून हाक मारली, सुनेला मारतात तशी, करड्या आवाजात. मग दुसरी, तेवढी करडी नाही. तिसरी हाक घशातच चिरकली.

सगळे वर बघत होते. पहिल्या मजल्याची खिडकी उघडी होती. आत दिवा लागलेला होता. पाण्याची धार ऐकू येत होती, एकसारखी.

जिन्यात धाकटी उभी होती, हातात सासूच्या कपड्यांची पिशवी. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. तिनं पिशवी टाकली आणि ती वर धावली.